मुलींच्या हातातली नॉव्हेल आणि वडीलधाऱ्यांची भीती

उर्दूतल्या एका गाजलेल्या कादंबरीत बाप आपल्या थोरल्या मुलाची पुस्तकं जाळतो. कादंबरीचं नाव 'तौबतुन्नसूह', लेखक डेप्युटी नजीर अहमद, साल १८७४. दिल्लीत कॉलऱ्याची साथ आहे. नसूह नावाचा खातापिता गृहस्थ मरणाच्या दारातून परत येतो. आजारात त्याला आखिरतचं स्वप्न पडलेलं असतं. उठल्यावर तो ठरवतो की आता सगळ्या घराला दीनच्या वाटेवर आणायचं. धाकटी मुलं ऐकतात. थोरला कलीम ऐकत नाही. तो शायर आहे, शौकीन आहे, बापासमोर उभं राहायलाही नकार देतो आणि घर सोडून निघून जातो. मागे राहिलेल्या त्याच्या खोलीत बाप शिरतो, पुस्तकांचं कपाट उघडतो आणि एकेक पुस्तक आगीच्या हवाली करतो.

कपाटात काय काय होतं याची यादीच नजीर अहमद यांनी दिली आहे. 'फसाना-ए-अजायब', 'गुल-ए-बकावली'चा किस्सा, मीर हसनची मसनवी, 'इंदरसभा', 'आराइश-ए-महफिल'. यातली शेवटची म्हणजे आपली हातिमताईची गोष्ट. गंमत बघा, साधारण त्याच काळात मराठी वाचक हातिमताई आणि गुलबकावली मराठीतून आवडीने वाचत होता. कृष्णशास्त्री चिपळूणकर अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठीत आणत होते. 'मुक्तामाला' (१८६१) आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या मराठी अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर या फारसी-अरबी किश्श्यांची दाट सावली आहे. दिल्लीच्या कादंबरीत जे आगीत गेलं, ते पुण्या-मुंबईत छापखान्यातून बाहेर पडत होतं!

कलीम शेवटी जखमी होऊन, पश्चात्ताप करत मरतो. लेखकाला तेच दाखवायचं होतं. पण कादंबरी वाचून दीडशे वर्षांनंतरही लक्षात कोण राहतो? कलीमच. नसूहची प्रवचनं कुणाला आठवत नाहीत. कादंबरी या प्रकाराची ही खोड जुनी आहे, ती लेखकाचंही ऐकत नाही.

आज हे सगळं आठवायचं कारण असं की आपल्या घराघरात तोच वाद पुन्हा रंगलाय. फरक एवढाच की आता कपाट नाही, मोबाईल आहे. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, औरंगाबाद, कुठेही जा. कॉलेजात जाणाऱ्या, अगदी नववी-दहावीतल्या मुली उमेरा अहमद आणि नमरा अहमद यांच्या कादंबऱ्या पीडीएफवर वाचताहेत. ज्यांना उर्दू लिपी येत नाही त्या रोमनमधून वाचतात. आया तक्रार करतात, 'दिवसभर नाविल, दिवसभर नाविल.' जुम्म्याच्या बयानातही अधूनमधून या कादंबऱ्यांचा उद्धार होतो. म्हणून म्हटलं, ही भीती कुठून आली आणि तिने कधी काय काय पाहिलं, काय नजरेआड केलं, ते एकदा बघूया.

असगरीची शिफारस, असगरीवर बंदी

पुस्तकं जाळणारा नसूह ज्यांनी निर्माण केला, ते नजीर अहमद स्वतः मुलींसाठी कादंबरी लिहिणारे उर्दूतले पहिले मोठे लेखक. आपल्या मुलींना वाचायला धड काही नाही म्हणून त्यांनी 'मिरात-उल-उरूस' लिहिली. वायव्य प्रांताच्या इंग्रज सरकारने तिला एक हजार रुपयांचं बक्षीस दिलं आणि १८६९ मध्ये ती छापून आली. आज ज्याला 'यंग अ‍ॅडल्ट' म्हणतात, म्हणजे धड लहान नाही, धड मोठं नाही अशा वयाच्या वाचकासाठीचं पुस्तक, ते उर्दूत तेव्हाच आलं होतं. नाव तेवढं नव्हतं.

गोष्ट दोन बहिणींची. अकबरी लाडावलेली, फटकळ, संसारात ढ. असगरी हुशार, हिशेबी, धीराची. अकबरीला हज करून आल्याचा बहाणा करणारी एक लबाड बाई गोड बोलून दागिन्यांसकट लुटते. हा प्रसंग आजही वाचताना वाचक पुढे सरसावून बसतो. असगरी सासरच्या घरात वर्षानुवर्षं चोरी करणाऱ्या मोलकरणीला पुराव्यासकट पकडते. उधारीचे हिशेब जुळवते, साक्षी काढते. मला विचाराल तर उर्दूतली पहिली डिटेक्टिव्ह ही असगरी आहे. पुढे ती मुलींची शाळा काढते. मराठी वाचकाला इथे बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) आठवेल. दोन्हीकडे कादंबरीने सुरुवातीलाच बायकांच्या जगण्याला हात घातला आणि दोन्हीकडे तो हात उपदेशकाचा होता.

असगरीचं पुस्तक वाचून पाटण्याच्या रशीद-उन-निसा यांनी १८८१ च्या सुमारास 'इस्लाह-उन-निसा' ही कादंबरी लिहिली. उर्दूत बाईने लिहिलेली ती पहिली कादंबरी मानली जाते. ती छापायला १८९४ उजाडलं. मुलगा विलायतेतून बॅरिस्टर होऊन आला, तेव्हा छापली गेली. मुखपृष्ठावर लेखिकेचं नाव नव्हतं. बॅरिस्टर साहेबांची वालिदा, एवढीच ओळख. नजीर अहमद यांनी मुलींना वाचायला दिलं, तर बारा वर्षांत एक बाई लिहू लागली आणि तेरा वर्षं तिचं हस्तलिखित घरात पडून राहिलं.

आता पुढचा भाग. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मौलाना अशरफ अली थानवी यांचा 'बहिश्ती जेवर' आला. लग्नात मुलीला कुरआनबरोबर हे पुस्तक देण्याची पद्धत आपल्याकडेही अनेक घरांत होती. मुलींनी शिकावं, वाचावं, यासाठी मौलानांनी मेहनत घेतली हे मान्यच करायला हवं. त्यात त्यांनी मुलींनी वाचू नये अशा पुस्तकांची यादीही दिली. दीवान, गझला, इंदरसभा तर यादीत आहेतच, पण नजीर अहमद यांची 'मिरात-उल-उरूस'सुद्धा आहे! काही गोष्टी शहाणपणाच्या आहेत, पण काहींनी ईमान कमजोर होतं, असा त्यांचा शेरा. एका पिढीने मुलींच्या भल्यासाठी लिहिलेलं, सरकारी बक्षीस मिळालेलं, पानोपानी नसीहत असलेलं पुस्तक पुढच्या पिढीत धोक्याचं ठरलं. आज तीच कादंबरी विद्यापीठांत उर्दूच्या अभ्यासक्रमात असते आणि मुली परीक्षेपुरती कंटाळत वाचतात.

खोटी जन्नत

वडीलधाऱ्यांची नजर होती इश्कावर. मुलगी प्रेमकथा वाचेल, बिघडेल. पण याच काळात लखनौमध्ये एक कादंबरी आली, तिच्यात इश्कही होता, रहस्यही होतं आणि आणखीही काहीतरी होतं, ज्याच्याकडे फारसं कुणी बघितलं नाही.

अब्दुल हलीम शरर यांनी वॉल्टर स्कॉटची 'टॅलिझमन' वाचली. क्रूसेडच्या काळातल्या मुसलमानांचं त्यातलं चित्र त्यांना खटकलं आणि त्यांनी उत्तरादाखल 'मलिक-उल-अजीज वर्जना' लिहिली. तिथून उर्दूत ऐतिहासिक रोमान्सची लाट आली. मुसलमान नायक, ख्रिस्ती नायिका, युद्ध, विजय. स्कॉटने जे केलं तेच पण बाजू उलटी करून. अपमानाचा बदला म्हणून हे समजण्यासारखं आहे. साहित्य म्हणून यातलं पुष्कळसं आज वाचवत नाही.

पण १८९९ मधली 'फिरदौस-ए-बरीं' वेगळी आहे. उमराव जानची गोष्टही त्याच वर्षातली. मिर्झा हादी रुस्वा हेही लखनौचेच, आणि त्या बड्या लेखकाने पैशांसाठी 'खूनी आशिक', 'खूनी शहजादा' अशा मसालेदार कादंबऱ्याही पाडल्या, हे आपले प्राध्यापक सांगत नाहीत.

'फिरदौस-ए-बरीं'त हुसैन नावाचा तरुण आणि त्याची प्रेयसी जमुर्रुद हजला निघालेत. डोंगरात जमुर्रुद गायब होते. तिच्या विरहात वेडापिसा झालेला हुसैन बातिनी पंथाच्या हाती लागतो. ते त्याला गुंगीत ठेवून अलमूतच्या किल्ल्यातल्या बागेत नेतात, हीच जन्नत असं सांगतात. तिथे जमुर्रुद त्याला भेटते. मग पुन्हा बाहेर काढतात. परत जायचं असेल तर सांगू तो खून कर. आणि तो ज्याचा जीव घेतो, तो त्याचा स्वतःचा उस्ताद असतो. प्रेमात पडलेल्या, एकट्या पडलेल्या पोराला एक-एक पायरी कशी उतरवत नेतात, त्याच्या शंका कशा बोथट करतात, हे शररनी जे दाखवलंय ते आजच्या कुठल्याही थ्रिलरला भारी आहे. पोरांना कट्टर कसं बनवलं जातं यावर आज जे शेकडो लेख येतात, त्यापेक्षा या सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कादंबरीत जास्त समज आहे.

मात्र तिच्यात दुसरी बाजू आहे. हे बातिनी म्हणजे निजारी इस्माइली. अलमूतचा किल्ला १२५६ मध्ये हुलागूच्या मंगोल फौजेने संपवला, त्या जमातीचे वारसदार कुठे परदेशात नव्हते, मुंबईतच राहत होते. खोजा जमातीच्या मालमत्तेचा आणि आगाखानांच्या हक्काचा दावा १८६६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात चालला होता. न्यायमूर्ती आर्नोल्ड यांनी निकालात या जमातीचा इतिहास थेट अलमूतपर्यंत नेऊन भिडवला होता. पहिले आगाखान माझगावला हसनाबादमध्ये दफन आहेत. पण कादंबरीला त्यांच्याशी देणंघेणं नव्हतं. हशीश पाजून खोटी जन्नत दाखवण्याची कथा त्या जमातीच्या शत्रूंनी आणि युरोपी प्रवाशांनी रंगवलेली होती. आधुनिक इतिहासकार तिला दंतकथा मानतात. शररनी ती जशीच्या तशी उचलली आणि कादंबरीचा शेवट हुलागूच्या हल्ल्याने केला. त्या हल्ल्यात एक अख्खी जमात कापली जाते आणि वाचक समाधानाचा सुस्कारा टाकतो, कारण हुसैन आणि जमुर्रुद एकत्र आले.

ही जागा मराठी मुसलमान वाचकाला ओळखीची आहे. मराठी ऐतिहासिक कादंबऱ्या वाचताना खान आला की पुढे काय होणार हे आम्हाला शाळेपासून पाठ असतं. दाढी, डोळ्यांतला क्रूर भाव, मग शेवटी वध. त्यातही सगळे सारखे नाहीत. हरी नारायण आपटे यांच्या 'वज्राघात'मधली मेहेरजान विजयनगरच्या नाशाची गोष्ट वाचून संपली तरी मनातून जात नाही, इतकी ती जिवंत आहे. पण मेहेरजान एखादीच. तेव्हा स्कॉटवर चिडलेले शरर मला आपले वाटतात आणि इस्माइलींची कत्तल हा सुखान्त म्हणून लिहिणारे शरर वाटत नाहीत. दोघे एकच होते, हीच अडचण आहे.

फरीदीचा विनोद झाला

रहस्यकथांचा इतिहास मोठा आहे, तो सगळा इथे सांगत बसत नाही. जफर उमर नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने १९१६ मध्ये फ्रेंच आर्सेन ल्युपाँला 'बहराम' बनवून 'नीली छतरी' लिहिली आणि उर्दूत बहरामांची रांग लागली. मराठीत पुढे बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण, यांनी झुंजार आणि काळापहाड यांच्या जोरावर हजाराच्या वर पुस्तकं लिहिली. कोकणातल्या ज्या मुस्लिम घरांत मराठी वाचली जायची, तिथे अर्नाळकरच चालायचे.

थांबायचं ते इब्ने सफींपाशी. नाव असरार अहमद, जन्म १९२८ चा, अलाहाबादजवळच्या नारा गावचा. आधी 'असरार नारवी' या नावाने शायरी. उर्दूत फक्त चावट पुस्तकंच खपतात, असं कुणीतरी म्हणालं आणि ते खोटं ठरवायला त्यांनी रहस्यकथा हाती घेतली, असं ते स्वतः सांगत. मार्च १९५२ मध्ये अब्बास हुसैनी यांनी अलाहाबादहून 'जासूसी दुनिया' सुरू केली. पहिली कादंबरी 'दिलेर मुजरिम'. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इब्ने सफी कराचीला गेले. फाळणी होऊन पाच वर्षं झाली होती. लेखक त्या देशात, प्रकाशक या देशात, आणि कादंबऱ्या दोन्हीकडे निघत राहिल्या. १९५५ पासून त्यात इमरान सीरिजची भर पडली. १९८० मध्ये, वाढदिवसाच्याच दिवशी, २६ जुलैला ते वारले. दोन्ही मालिका मिळून अडीचशेच्या आसपास पुस्तकं झाली.

हे कसं साधलं? कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद यांच्या देशाला नाव नाही. शहरालाही नाही. अलाहाबादच्या वाचकाला ते आपलं वाटे, कराचीच्याही. खलनायक शेजारचा देश नाही, शेजारची जमातही नाही. 'झीरोलँड' नावाचं एक काल्पनिक राज्य आहे, सगळ्या जगावर कब्जा करू पाहणारं. १९६५ आणि १९७१ अशी दोन युद्धं झाली त्या काळात सीमेच्या दोन्ही बाजूंना खपणाऱ्या लेखकाने हे जपलं. त्यात धंद्याचं शहाणपण असेलही, असू दे. प्रेमाचे प्रसंग कमी, चावटपणा नाही, विनोद भरपूर. घरात लपवून वाचायची गरज नव्हती, तरी लोक लपवूनच वाचायचे, कारण समोर शाळेचं पुस्तक उघडं असायचं.

आणि हिंदीत? हिंदी आवृत्तीत कर्नल फरीदीचा कर्नल विनोद झाला. इमरानचा राजेश झाला. हमीद मात्र हमीदच राहिला. नायक बदलावा लागला, त्याचा मदतनीस मुसलमान असला तरी चालत होतं. यावर कुणी ठराव केला नव्हता, बाजाराने आपसूक ठरवलं होतं. हिंदीतून ती पुस्तकं वाचलेल्या कित्येकांना विनोद हा मुळात फरीदी होता हे आयुष्यभर कळलं नसेल. फरीदी आपल्या नावाने हिंदीत आला तो या शतकात, नव्या आवृत्त्या निघाल्या तेव्हा. मराठीत याच्या उलट घडलं, हे मुद्दाम नोंदवतो. पुण्याच्या सुहास शिरवळकरांनी आपल्या रहस्यकथांचे नायक म्हणून मंदार पटवर्धनच्या बरोबरीने दारा बुलंद आणि फिरोज इराणी उभे केले, आणि मराठी वाचकाने नाव बदला अशी मागणी केली नाही.

इमामा, सालार आणि हया

आता मोबाईलवरच्या पुस्तकांकडे. उमेरा अहमद यांची 'पीर-ए-कामिल' २००४ ची. या एका पुस्तकाने उर्दू डायजेस्टमधल्या प्रेमकथेचा नकाशा बदलला. नमरा अहमद यांच्या 'जन्नत के पत्ते', 'नमल' त्याच वाटेवरच्या, पण जास्त वेगवान. रोमान्स, थ्रिलर आणि कोवळ्या वयाची गोष्ट, तिन्ही एकत्र, वर दीनची फोडणी.

माझं मत विचाराल तर 'जन्नत के पत्ते'ची सुरुवात खरी आहे. लग्नघरात नाचतानाचा व्हिडिओ कुणीतरी इंटरनेटवर टाकतं आणि हया सुलेमानची झोप उडते. बापाला कळलं तर? हा धाक आज कुठल्याही मुलीला समजावून सांगावा लागत नाही. पुढे इस्तंबूल, वेशांतरं, गुप्तहेर, कोडी असलेल्या डब्या. लांबण आहे, योगायोगांचा तर पाऊसच आहे. पण मुलगी शिकायला एकटी परदेशी जाते, चुकते, विचार करते, स्वतः ठरवते. ज्या आया या कादंबरीवर चिडतात त्यांनी एकदा ती वाचावी. हया त्यांना अकबरीपेक्षा असगरीच्या जवळची वाटेल.

'पीर-ए-कामिल' जास्त चांगली लिहिलेली आहे आणि मला जास्त अस्वस्थ करते. हुशार पण आतून पोकळ असलेला सालार, मर्गल्ला टेकड्यांत लुटून झाडाला बांधलेला असतानाची त्याची ती रात्र, हे लिहायला ताकद लागते. पण इमामा हाशिम अहमदी घराण्यातली आहे. ती धर्म बदलते, कोंडली जाते, पळते. तिच्या बाजूने वाचकाचा श्वास अडकतो, अडकायलाच हवा, कारण मुलीला तिच्या श्रद्धेसाठी कोंडणं हा जुलूमच आहे. प्रश्न असा आहे की हे पुस्तक ज्या देशात लिहिलं गेलं, तिथे १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदींना मुसलमान नाही असं ठरवलं गेलं. १९८४ च्या वटहुकुमाने त्यांना आपल्या प्रार्थनास्थळाला मशीद म्हणणंही गुन्हा झालं. तिथे खरोखर कोंडलेले कोण आहेत, हे कादंबरीच्या बाहेर सगळ्यांना माहीत आहे. कादंबरीच्या आत मात्र ते श्रीमंत, वजनदार, जुलमी आहेत. शररच्या बातिनींसारखेच. शंभर वर्षांत नायिकेने बुरख्यातून मेडिकल कॉलेजपर्यंत मजल मारली, खलनायकाची जागा मात्र छोट्या जमातीसाठीच राखीव राहिली.

जुम्म्याच्या बयानात या कादंबऱ्यांवर जी टीका होते ती ना-महरमच्या प्रेमावर असते. या दुसऱ्या गोष्टीबद्दल मी अजून एक शब्दही ऐकलेला नाही. उलट 'पीर-ए-कामिल' वाचू द्यायला हरकत नाही, त्यात दीन आहे, असं सांगणारे भेटतात.

माझ्या नात्यातल्या एका चौदा वर्षांच्या मुलीने ती रोमनमधून वाचली, चार रात्रींत. रडली वगैरे सगळं झालं. मग तिने विचारलं, "चाचा, हे अहमदी लोक आपल्याकडेपण असतात का?" मी तिला सांगितलं, असतात. त्यांचं कादियान हे गावच मुळात आपल्या पंजाबात, गुरदासपूर जिल्ह्यात आहे. १९७० मध्ये केरळ उच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी अहमदी हे मुसलमानच आहेत असा निकाल दिला होता, तेही सांगितलं. ती जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग त्यांच्या मुली हे पुस्तक वाचत असतील का?"